नव्या फेरीबोटीचे नाव कसे ठरते?

स्कॉटलंडमध्ये २१ नोव्हेंबर २०१७ रोजी एका फेरीबोटीचे बारसे झाले. क्लाइड नदीकाठच्या गोदीत तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या हस्ते 'ग्लेन सॅनॉक्स' पाण्यात उतरली. बोट अर्धीमुर्धीच होती. खिडक्यासुद्धा बसल्या नव्हत्या, म्हणून समारंभाची शोभा जाऊ नये यासाठी पोलादावर काळ्या रंगाने खिडक्या रंगवल्या होत्या. पहिले प्रवासी तिच्यावर चढले ते जानेवारी २०२५ मध्ये. बोटीवर टीकेचा भडिमार झाला, पण नावाला कोणी फारसे बोल लावले नाहीत. सॅनॉक्स हे ती ज्या आरन बेटावर जाते तिथलेच खोरे, आणि याच नावाची पहिली आगबोट १८९२ साली क्लाइडच्या पाण्यात आली होती.

बोट रखडते, खर्च फुगतो, पण नाव ठरवायला तर काही पैसे पडत नाहीत, असे वाटते. म्हणूनच हे काम बहुधा शेवटच्या घटकेला, उद्घाटनाची पत्रिका छापायची वेळ आली की उरकले जाते. वास्तविक फेरीबोटीचे नाव मालवाहू जहाजाच्या नावासारखे नसते. मालवाहू जहाज कोणत्या बंदरात आहे हे त्याच्या मालकाशिवाय फार थोड्यांना ठाऊक असते. फेरीबोट मात्र रोज त्याच दोन धक्क्यांमध्ये चाळीस-पन्नास वर्षे ये-जा करते. तिचे नाव कामावर जाणारे लोक, शाळेची मुले, मासळी घेऊन चढणाऱ्या बायका रोज घेतात. तेव्हा ते कोणी आणि कसे ठरवावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. यासाठी लेखी पद्धत असलेले एक ठिकाण आधी नीट पाहू.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे (राजधानी वॉशिंग्टन शहराशी त्याची गल्लत करू नये). सिएटलच्या भोवती प्युजेट साऊंड नावाचा खाडीबेटांचा मोठा पसारा आहे, आणि तिथे राज्य सरकार वीसेक फेरीबोटी चालवते. मोटारी आणि माणसे दोन्ही वाहून नेणाऱ्या या बोटींचा ताफा अमेरिकेतला सर्वांत मोठा समजला जातो. या बोटींच्या नावांची यादी वाचली तर एक धागा चटकन दिसतो. याकिमा, स्पोकेन, पुयालप, विनॅची, किटसॅप, चेलान, समिश, सुक्वामिश ही नावे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या जमातींची किंवा त्यांनीच नाव दिलेल्या नद्यांची, गावांची आणि जिल्ह्यांची आहेत.

हा धागा सरकारने विणलेला नाही. १९५१ पर्यंत या फेऱ्या एका खासगी कंपनीकडे होत्या. सॅन फ्रान्सिस्कोत १९३६ साली बे ब्रिज आणि १९३७ साली गोल्डन गेट हे पूल सुरू झाले, आणि तिथल्या फेरीबोटी एकदम बेकार झाल्या. प्युजेट साऊंडच्या कंपनीने त्यांतल्या अनेक स्वस्तात उचलल्या. बोटींवर नावे होती कॅलिफोर्नियाची: लेक टाहो, मेंडोसिनो, सांता रोझा, फ्रेस्नो. ती इथे परकी वाटली असती. मग लेक टाहोची झाली 'इलाही', मेंडोसिनोची 'निस्क्वाली', सांता रोझाची 'एनिटाय', फ्रेस्नोची 'विलापा'. काही नावे चिनुक नावाच्या जुन्या व्यापारी बोलीतून घेतली होती, काही जमातींची आणि ठिकाणांची होती. पुढे राज्याने ताफा ताब्यात घेतला तेव्हा हीच रीत पुढे चालवली.

त्या बोलीतल्या नावांची कधी गंमतही होई. १९६७ साली आलेली 'हायू' ही ताफ्यातली सर्वांत चिमुकली बोट, जेमतेम ३४ मोटारींची. तिच्या नावाचा अर्थ 'पुष्कळ'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पण लोकांचा तिच्यावर जीव होता.

आता पद्धत. वॉशिंग्टनमध्ये फेरीबोटीला नाव देण्याचा अधिकार बोटी चालवणाऱ्या खात्याकडे नाही, मंत्र्याकडेही नाही. तो राज्याच्या परिवहन आयोगाकडे आहे. आयोगावर गव्हर्नरने नेमलेले सात नागरिक असतात आणि त्यांच्या बैठका खुल्या असतात. नवी बोट मंजूर झाली की आयोग लोकांकडून प्रस्ताव मागवतो. या टप्प्यावर मते मागितली जात नाहीत, प्रस्ताव मागितले जातात, आणि साऱ्या पद्धतीची मेख इथेच आहे. नाव सुचवणाऱ्याने नुसते नाव लिहून भागत नाही. त्या नावाचा राज्याशी संबंध काय, अर्थ काय, आणि त्यामागे लोकांचा पाठिंबा आहे हे कशावरून, हे सगळे मांडावे लागते. सह्यांचे अर्ज आणि संस्थांची पत्रे जोडली जातात.

निकष आधीच जाहीर असतात. नाव राज्यभर अर्थपूर्ण असावे. जमातींची, जलाशयांची, गावाठिकाणांची, दर्यावर्दी परंपरेतली नावे चालतील. ताफ्यातल्या जुन्या नावांशी ते जुळावे. व्यापारी वास येणारी, कोणा व्यक्तीचा गौरव करणारी आणि कोणाला दुखावणारी नावे टाळावीत. व्यक्तींची नावे टाळण्याचे कलम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. एकदा माणसांची नावे द्यायला सुरुवात केली की प्रत्येक नव्या बोटीबरोबर 'आमचा का नाही?' हा प्रश्न धक्क्यावर येऊन उभा राहतो.

मग चाळणी लागते. थोडी नावे उरली की ती बोटी चालवणाऱ्या खात्याकडे, किनाऱ्यावरच्या गावांच्या सल्लागार समित्यांकडे आणि नेहमीच्या प्रवाशांकडे अभिप्रायासाठी जातात. प्रवाशांची मते अजमावण्यासाठी आयोगाने एक पाहणी-गट केला होता आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द झाला 'फ्रॉग', म्हणजे बेडूक. या बेडकांचे म्हणणे आयोग वाचतो, पण ते त्याच्यावर बंधनकारक नसते. शेवटी सात सदस्य खुल्या बैठकीत निर्णय घेतात आणि त्याची जबाबदारी त्यांचीच राहते.

या वाटेने आलेल्या नावांपैकी एकाची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. ऑगस्ट १९७० मध्ये व्हिडबी बेटाच्या पेन कोव्ह या खाडीत जाळी लावून ऑर्का जातीचे मोठे जलचर पकडले गेले. त्यांतली एक लहान मादी मायामीच्या जलचरगृहाला विकली गेली. तिचे नाव आधी 'टोकिटे' होते. पुढे खेळांसाठी तिला 'लोलिता' म्हणू लागले. तिला घरच्या पाण्यात परत आणा, अशी मागणी प्युजेट साऊंडच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे होत राहिली. १४४ मोटारींच्या नव्या बोटींसाठी २०१२ साली नावे मागवली, तेव्हा 'टोकिटे' पुढे आले आणि आयोगाने ते निवडले. २०१४ पासून 'टोकिटे' मुकिल्टिओ ते क्लिंटन या मार्गावर धावू लागली, आणि क्लिंटन हा धक्का त्याच व्हिडबी बेटावर आहे. ऑर्का ऑगस्ट २०२३ मध्ये मायामीतच मेली, पाण्याच्या टाकीत अर्धशतकाहून जास्त काळ काढून. एखाद्या समितीने बंद खोलीत बसून हे नाव काढले असते असे मला वाटत नाही. आणि आलेल्या मतांची नुसती बेरीज केली असती तर ते जिंकले असतेच, याचीही खात्री नाही. कोणीतरी त्याची बाजू मांडली, कोणीतरी ती ऐकून घेतली, म्हणून ते बोटीवर चढले.

तिची जोडीदार 'समिश'. समिश जमातीची केंद्र सरकारकडची मान्यता १९६९ मध्ये गेली होती, ती १९९६ मध्ये परत मिळाली. बोट येते-जाते ती ॲनाकॉर्टिसहून सान वान बेटांकडे, म्हणजे त्या जमातीच्या परंपरागत मुलुखातूनच. २०२० साली पुढच्या, विजेवरही चालणाऱ्या बोटीसाठी 'विश्का' हे नाव ठरले. ही एका नदीची आठवण. रॉक संगीत ऐकणाऱ्यांना हे नाव निर्वाणा या वाद्यवृंदाच्या १९९६ सालच्या अल्बममुळे ठाऊक असेल. बोटीच्या बांधणीचे कंत्राट फ्लोरिडातल्या गोदीला मिळेपर्यंत मात्र २०२५ उजाडले. म्हणजे इथेही बारसे आधीच झाले आणि बाळाचा पत्ता नाही.

लोकांना आवडलेले नाव समुद्रावर चालेलच असे नाही, त्याला आणखी एक कसोटी असते. संकटात सापडलेली बोट रेडिओवर 'मेडे' तीनदा म्हणते आणि मग आपले नाव तीनदा सांगते. वारा घोंघावत असताना, इंजिनाच्या आवाजात, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघालेले नाव किनाऱ्यावरच्या तटरक्षकाला पहिल्या झटक्यात कळले पाहिजे. लांबलचक, जिभेला अडखळवणारे नाव इथे नापास होते. ताफ्यातल्या दोन बोटींची नावे कानाला सारखी लागत असली तरी घोळ होतो, आणि मदत भलत्याच बोटीकडे जाऊ शकते. अमेरिकेच्या जहाजनोंदणीच्या नियमांतही याची दखल आहे. नाव ३३ अक्षरचिन्हांहून लांब नसावे आणि संकटकाळी मदत मागायला वापरतात त्या शब्दांसारखे ते ऐकूही येऊ नये. 'मेडे' नावाची बोट म्हणूनच नोंदवता येत नाही. अश्लील आणि वंशद्वेषी शब्दांनाही बंदी आहे.

नाव सुचवताना या कसोटीचा सोपा प्रयोग घरी करता येतो. नळ पूर्ण सोडून दुसऱ्या खोलीतल्या माणसाला नाव तीनदा ओरडून सांगावे. त्याने ते बरोबर लिहिले तर पुढे जावे.

आता उलट उदाहरण, सिडनीचे. तिथली नावांची परंपरा खरे तर देखणी आहे. सिडनीकर एकेका बोटीपुरता विचार करत नाहीत, पूर्ण मालिकेचा करतात. एकाच आराखड्याच्या बोटी बांधल्या की त्यांना एकाच विषयातली नावे. १९८०च्या दशकात नऊ बोटी आल्या, त्यांना १७८८ साली कैदी आणि वसाहतवाले घेऊन आलेल्या 'फर्स्ट फ्लीट'च्या जहाजांची नावे मिळाली: सिरियस, सप्लाय, शार्लट, फ्रेंडशिप वगैरे. मूळ जहाजे अकरा, बोटी नऊ, त्यामुळे 'लेडी पेनरिन' आणि 'प्रिन्स ऑफ वेल्स' यांना जागा मिळाली नाही. मॅनलीच्या मोठ्या चार बोटींना उत्तरेकडच्या किनारी उपनगरांची नावे: फ्रेशवॉटर, क्वीन्सक्लिफ, नॅराबीन, कॉलारॉय. पॅरामॅटा नदीतल्या जुळ्या सांगाड्याच्या बोटींना महिला खेळाडूंची, त्यांत जलतरणपटू डॉन फ्रेझर आणि टेनिसपटू इव्हॉन गूलागाँग. यांपैकी अनेक जणी नाव दिले तेव्हा हयात होत्या. वॉशिंग्टनचा नियम इथे लागू नव्हता आणि त्याने काही बिघडलेही नाही, कारण विषय आधी ठरला होता आणि माणसे त्या विषयातून आली होती.

२०१७ मध्ये सहा नव्या बोटींसाठी सरकारने जनतेकडून नावे मागवली. पाच नावे चांगली निघाली: नेत्रशल्यविशारद फ्रेड हॉलोज, हृदयशल्यविशारद व्हिक्टर चँग, स्त्रीरोगतज्ज्ञ कॅथरीन हॅम्लिन, आणि मूळ रहिवाशांपैकी पेमुल्वी व बंगारी. सहाव्या बोटीचे नाव नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले: 'फेरी मॅकफेरीफेस'.

हा विनोद उसना होता. ब्रिटनमध्ये २०१६ साली ध्रुवीय संशोधनाच्या जहाजासाठी नावे मागवली होती. तिथे 'बोटी मॅकबोटफेस' या थट्टेच्या नावाने १,२४,१०९ मते मिळवून बाजी मारली. सरकारने ते नाव मोठ्या जहाजाला दिले नाही. जहाज 'सर डेव्हिड ॲटनबरो' झाले आणि 'बोटी' हे नाव त्याच्यावरच्या एका छोट्या पाणबुड्या यंत्राला मिळाले. तडजोड बरी होती, पण मते मागून मोजायची नाहीत हा दोष राहिलाच.

सिडनीत प्रकार त्याहून वाईट झाला. लोकांनी निवडले, असे सांगून परिवहनमंत्र्यांनी नाव जाहीर केले होते. नाविकांच्या संघटनेला ते मुळीच रुचले नाही. आपण ज्या बोटीवर काम करायचे ती टिंगलीचा विषय व्हावी, हे कोणत्या खलाशाला आवडेल? जानेवारी २०१८ मध्ये कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा कळले की या नावाला दोनशेच्याही आत मते होती आणि निवड मंत्र्यांचीच होती. मुलांना गंमत वाटावी म्हणून हे केले, अशी सारवासारव झाली. शेवटी नाव पुसले गेले आणि बोट 'मे गिब्स' झाली, ऑस्ट्रेलियाच्या लाडक्या बालसाहित्यिकेच्या नावाने. मुलांचाच विचार होता तर हे नाव आधीच सुचायला हवे होते.

मंत्र्याने नाव निवडले यात मला वावगे दिसत नाही. कोणीतरी निवडायचेच असते. लोकांच्या नावावर आपली निवड खपवली, हा खरा अपराध. मत मागितले तर ते मोजायला हवे, आणि मोजायचे नसेल तर सूचना मागाव्यात व निर्णय आमचा असे पहिल्या दिवशीच सांगून टाकावे. मुलांनाच नावे ठेवू द्यायची असतील तर तेही उघडपणे करता येते. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये नव्या फेरीसेवेच्या बोटींची नावे शाळकरी मुलांकडून घेतली. 'लंचबॉक्स' नावाची बोट त्यामुळेच ईस्ट नदीत धावते आणि तिच्यावरून कोणाला राजीनामा मागावासा वाटला नाही.

नाव ठरले की पुढचे काम रुक्ष आहे. नोंदणी अधिकारी नाव मान्य करतो. ते बोटीच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना, आणि मागे नोंदणीच्या बंदरासह रंगवले जाते. जीवरक्षक कड्यांवर, बचावनौकांवर, विम्याच्या कागदांवर, रेडिओच्या परवान्यावर तेच नाव चढते. म्हणून नंतर नाव बदलणे ही नुसती रंगाच्या डब्याची बाब राहत नाही. मोठ्या समुद्री जहाजांना सात आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांकही असतो. जहाज विकले, नाव बदलले, झेंडा बदलला, तरी तो क्रमांक बदलत नाही. यंत्रणेला ओळख पटवायला तेवढे पुरते, नाव लागते ते माणसांना.

आपल्या किनाऱ्यावर या सगळ्याचा अनुभव जुना आहे. कोकणच्या आगबोटींना संतांची नावे देण्याची रीत होती: 'तुकाराम', 'रामदास', 'रोहिदास'. घाटावरचा वारकरी असो की गिरगावातला चाकरमानी, ही नावे कोणाला समजावून सांगावी लागत नसत. देवाधर्माचे नाव असले की बोटीवर भरवसा बसतो, हे कंपन्या पुरते ओळखून होत्या. नावाने बोट तरत नाही, हे मात्र किनाऱ्याने दोनदा पाहिले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती'सह 'तुकाराम' वादळात बुडाली, आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' मुंबईजवळच बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. 'रामदास' हे नाव आजही रायगडच्या किनाऱ्यावर बोटीचे म्हणून कमी आणि त्या दिवसाचे म्हणून जास्त घेतले जाते. पुढे 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' आल्या. सरकारी वळणाची, पण कोठे जाणार हे सांगणारी नावे.

अलीकडचे काय? कोचीच्या जलमेट्रोने आपल्या पहिल्या बोटीला 'मुझिरिस' नाव दिले. त्याच परिसरातल्या, रोमशी व्यापार करणाऱ्या प्राचीन बंदराचे हे नाव मला फार समर्पक वाटते. मुंबई-मांडवा मार्गावरच्या रो-रो सेवेच्या नावात 'एमटूएम' ही आद्याक्षरे आली. छापायला सोयीची, जिव्हाळा लावायला कठीण. गोव्यात २०२५ च्या जुलैत चोडण-रायबंदर मार्गावर दोन रो-रो फेरीबोटी सुरू झाल्या, 'गंगोत्री' आणि 'द्वारका'. दोन्ही नावे पवित्र, उच्चाराला स्वच्छ, रेडिओवर स्पष्ट. पण या बोटी मांडवी ओलांडतात. चोडणच्या, दिवाडीच्या, मांडवीच्या आठवणींत नावांचा तुटवडा होता असे वाटत नाही.

महाराष्ट्र सागरी मंडळाच्या आणि गोव्याच्या नदी परिवहन खात्याच्या हाताखाली पुढच्या काळात आणखी बोटी येतील. त्यांना एवढीच विनंती आहे की बोटीची निविदा काढतानाच नावाचे निकष एका पानावर छापावेत, धक्क्यावर लावावेत, आलेल्या सूचना कारणांसकट प्रसिद्ध कराव्यात आणि अंतिम निर्णय कोणाचा हे आधीच लिहून ठेवावे. आणि वाचकांनो, अशी सूचना निघाली तर तुमच्या खाडीचे, खडकाचे, विस्मरणात गेलेल्या बंदराचे नाव कारणासह आणि शेजाऱ्यांच्या सह्यांसह जरूर पाठवा.